मधली जागा

दात घासता घासता तिला तो दिसला. केस. एकच, काळा, जरासा वाकडा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यात ताठ उभा. आधी वाटलं, चिकटलाय. आपल्याच डोक्याचा असेल, दादाचा असेल, टॉवेलचा दोरा असेल. तिने हात नळाखाली धरला. पाणी आलं आणि वाहून गेलं, केस आपला जागेवर. ओला होऊन थोडा झुकला, इतकंच. मग तिने उजव्या हाताच्या चिमटीत धरून तो ओढला, तर त्याच्याबरोबर कातडीही वर आली, छोट्याशा तंबूसारखी. म्हणजे आतून त्याला धरून ठेवलेलं होतं. तोंडात फेस तसाच, तो हनुवटीवरून ओघळायला लागला तरी तिचं लक्ष नाही. बोटांच्या मध्ये केस येत नाहीत, हे वाक्य मनात असं ठसठशीत उमटलं, जणू शाळेतल्या बाई फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढतायत. कोणाच्याच येत नाहीत. आणि बाहेरून दादा दार बडवत होता. "ए बदका! तळं रिकामं कर की! का अंडी घालून बसलीस आत?"

बदक हे नाव दादाचंच. त्यापायी लहानपणी त्याने आईच्या हातचा मारही खाल्ला होता, पण नाव काही गेलं नाही; उलट मार खाऊन ते अंगाला चांगलं मुरलं. ती जन्मली तेव्हा डाव्या हाताची ही दोन बोटं एकाच पिशवीत होती. हाडं वेगळी, नखं शेजारीशेजारी खेटून बसलेली, पण कातडी दोघांत एक, पार टोकापर्यंत. ती जेमतेम पाय टाकायला लागली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ती कापून वेगळी केली. मोठ्या डॉक्टरांच्या भाषेत तिची जोडणी साधी आणि पूर्ण. साधी म्हणजे नुसती कातडी जोडलेली. हाडात हाड गेलेलं असलं की गुंतागुंतीची. टोकापर्यंत पोचली तर पूर्ण, वाटेत थांबली तर अपूर्ण. हे शब्द तिला मुळाक्षरांच्या आधी पाठ झाले, कारण दरवर्षी एकदा हाताच्या दवाखान्यात तपासणीला जायचं, दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांचा नवा घोळका तिच्याभोवती जमायचा आणि मोठे डॉक्टर विचारायचे, "बोला, ही कोणत्या वर्गातली?" ते बिचारे घाबरून भलतंच काहीतरी बोलायचे, आणि उंच टेबलावर पाय हलवत बसलेली ती नुसते ओठ हलवून त्यांना उत्तर पुरवायची. घरात तर या वर्गवारीने धुमाकूळ घातला होता. ब्रेडच्या दोन चकत्या चिकटून आल्या? साधी, अपूर्ण. पाण्यात पडलेल्या पुस्तकाची पानं? साधी, पूर्ण. समोरच्या घरातलं जोडपं, रोज कपबशा फुटेपर्यंत भांडायचं आणि रोज संध्याकाळी हातात हात घालून फिरायला निघायचं, ते? "गुंतागुंतीची!" बाबा आणि ती एका सुरात ओरडायची, आणि आई खिडकी लावून घेत म्हणायची, "हळू, त्यांना ऐकू जाईल." बाबांच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापर्यंत जोडलेली होती. बापाच्या पायाला ते आणि मुलीच्या हाताला हे, म्हणजे दोघंही घराण्यातून उतरणाऱ्या जोडणीच्या पहिल्या प्रकारात. दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून आले की बाबा मोजे काढून पाय स्टुलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आमच्या घराण्यात दुसरं होतं काय द्यायला? आहे ते दिलं, बाई. गोड मानून घे."

आणि तिने खरंच गोड मानून घेतलं होतं. यंदा तर तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. वर्षानुवर्षं डावा हात बाहीत ओढून घ्यायची सवय होती, ती एका दिवसात सुटली, कशी ते तिलाही सांगता आलं नसतं. केस कानापर्यंत कापून आली. शाळेच्या नाटकात राक्षसाचं काम मागून घेतलं आणि असं ओरडली की पहिल्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. त्याचा तिला अजून अभिमान होता. बोटांवरच्या नागमोडी खुणांबद्दल कोणी विचारलं तर ती कधी सांगायची मगरीने धरलं होतं, कधी सांगायची मीच मगरीला धरलं होतं. तर अशी ती, आणि आता एका केसासमोर तोंडात फेस धरून उभी. तिने दात आवळून तो उपटला. दुखलं, पण हातात नाही. दुखलं ते भलतीकडेच, कमरेपाशी, डाव्या बाजूला, जिथे मांडी पोटाला मिळते त्या घडीत; कोणीतरी आतून टाचणी टोचावी तसं. ती आरशात स्वतःकडे बघत राहिली. मग चूळ भरली, दार उघडलं आणि दादाला म्हणाली, "जा, अंडी आत आहेत. उबव."

चार दिवसांनी केस परत आला. या वेळी सोबत आणखी एक घेऊन. ती तशीच आईकडे गेली. आई घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. ढगळ झालेलं आत घेणं, घट्ट झालेलं सैल करणं, फाटलेल्याला ठिगळ. ओठांत टाचण्या धरून ती जगभरचं बोलू शकायची. "आई, मला इथे केस आलेत." आईने मान वर केली, हात बघितला, आणि तिला नवल वाटलं नाही. हेच तर भयंकर होतं. "आले का," आई म्हणाली, जसं काही पाहुणे येणार होते आणि थोडा उशीर झाला. "म्हणजे? तुला माहीत होतं?" "अगं, एका कपड्याचे दोन करायचे म्हटले की कापड कमी पडणारच. दोन्ही बोटांच्या आतल्या बाजू उघड्या पडल्या, त्यांना कातडी कुठून आणायची? तुझ्याच कमरेच्या घडीतली काढून लावली. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, मोठी झाली की येतील एखाददोन केस. तिथे यायचे ते इथे." "आणि हे तू मला आज सांगतेस?" "तू कधी विचारलंस?" आईने टाचणी ओठांतून काढून कोटाच्या बाहीत खुपसली. "उपटू नकोस. कातरून टाकत जा."

कमरेवरची ती बारीक फिकट रेघ तिला आंघोळ करताना रोज दिसायची. चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. तिच्यावर कधी दुसरा विचार केला नव्हता. आता शाळेत बाकावर बसल्याबसल्या ती अंगठा त्या बेचक्यात घालायची आणि चोळून बघायची. कातडी मऊ होती, हाताच्या बाकीच्या कातडीपेक्षा थोडी सावळी, थोडी सैल. इतकी वर्षं ती बोटांत राहून कमरेचं काम करत होती. कोणी तिला सांगितलंच नव्हतं की तू हललीस. झोपेत उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवलेला एक माणूस तिला आठवत राहायचा. असा माणूस कुठे ऐकला होता की स्वप्नात होता, ते आठवत नव्हतं, पण तो उठतो, अंधारात सवयीने खिडकीकडे जातो, आणि खिडकीच्या जागी भिंत. तो भिंत चाचपतो. आज ना उद्या खिडकी सापडेल म्हणून रोज चाचपतो. आणि एक दिवस ती भिंत खिडकीसारखी व्हायला लागते. "काय कुरवाळतेयस मघापासून?" शेजारची मैत्रीण कुजबुजली. "मांजर पाळलंय," ती म्हणाली. मैत्रीण खिदळली, बाईंनी दोघींना उभं केलं, आणि उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता जे बोललो ते गंमत म्हणून बोललो नव्हतो.

दवाखान्यात सगळं नेहमीचंच होतं. तोच औषधाचा वास, तेच उंच टेबल; फक्त आता तिचे पाय जमिनीला टेकत होते. मोठ्या डॉक्टरांचे केस पिकले होते, घोळका नवा होता. "बोला, कोणत्या वर्गातली?" एका चष्मेवाल्या शिकाऊ डॉक्टराने बरोबर सांगितलं आणि तिला उगाच वाईट वाटलं, ओठ हलवायची वेळच आली नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी दोन बोटं फाकवून मध्ये छोटी पट्टी धरली, भुवया वर केल्या, परत धरली. "सरकलीय," ते म्हणाले. शिकाऊ डॉक्टर पुढे वाकले. ज्या बेचक्याचा तळ इतर बोटांच्या तळाशी बरोबरीने असायला हवा तो वर आला होता. पहिल्या पेराच्या अर्ध्यापर्यंत. "असं होतं," मोठे डॉक्टर घोळक्याला म्हणाले, तिला नाही. "हात वाढतो तेव्हा मधली कातडी हळूहळू टोकाकडे चढते. आपण कितीही खोल कापलं तरी." मग आईकडे वळून, "परत एकदा उघडून घेऊ. सुट्टीत करून टाकू. आता सोळाची आहे ना? तिचंही हो लागेल." "तिचं हो आहे," आई म्हणाली. तिने आईकडे बघितलं. आई बोटांकडे बघत होती, आणि आईचा चेहरा तिने असा पूर्वी कधी पाहिला नव्हता. दार नीट लावलं होतं ना, असं वाटेत आठवल्यावर होतो तसा.

आई तारीख घ्यायला खिडकीशी उभी होती तेव्हा तो चष्मेवाला बाहेर येऊन शिंकत बसला. तिने सरळ विचारलं, "माझी बोटं मुळात का चिकटली?" तो खूश झाला. त्याला बहुतेक दिवसभर कोणी काही विचारलं नव्हतं. "चिकटली नाहीत. सगळे तिथेच फसतात. ती सुटली नाहीत. आईच्या पोटात सगळ्यांचाच हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. तुझा, माझा, मोठ्या डॉक्टरांचा. मग बोटांच्या मधलं जे असतं ना, ते मरतं." "मरतं?" "हो. ठरल्या वेळी, आपलं आपण. मधल्या पेशी मरून जातात, म्हणून बोटं दिसतात. बोटं उगवत नाहीत. मधलं जातं आणि ती उरतात." "आणि माझं मधलं?" त्याने नाक पुसलं. "तुझं मेलं नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, त्यात वाईट काही नाही. साधी आहे तुझी."

समोर माणसं बसली होती. एक बाई पर्स चाचपत होती, एक म्हातारा गुडघ्यावर बोटं नाचवत होता, एक बाप पोराच्या नाकाला रुमाल लावत होता, आणि ती त्यांच्या बोटांकडे बघू शकत नव्हती, कारण तिला आता बोटं दिसत नव्हती, मधल्या जागा दिसत होत्या. प्रत्येक हातात चार. तिथे तिथे कोणीतरी होतं आणि ते गेलं, आणि ही माणसं त्या रिकाम्या जागा घेऊन खुशाल पर्सा चाचपत होती. कोणालाच आठवण नाही. फक्त तिच्या हातात एका जागी कोणीतरी जायला तयार झालं नाही. सगळं ठरलेलं असताना, शेजारीपाजारी सगळे निघून गेले असताना, एकटं बसून राहिलं. मग त्याला कापलं. ते कापल्यावरही गेलं नाही. ते कमरेची परकी कातडी अंगावर ओढून घेऊन खाली दबून बसलं आणि पंधरा वर्षं, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा बेताने, वर चढत राहिलं. तिला वाटलं होतं की आपल्याला किळस येईल. आली नाही. उलट मानेवर काटा आला आणि त्या काट्याच्या आत, अगदी आत, थोडी ऐट होती. आपल्या वर्गातलं कोणीतरी सगळ्यांसमोर उभं राहून बाईंना नाही म्हणालं की येते तशी. त्या ऐटीची मात्र तिला भीती वाटली.

त्यानंतर सकाळी जाग यायची तेव्हा ती दोन बोटं एकमेकांना लागलेली असायची. उरलेली तीन कुठेही, वेडीवाकडी, उशीखाली, गालाखाली. ही दोन सरळ, जोडीने, थंडीत दोघं एका पांघरुणात असावीत तशी. ती त्यांना फाकवायची. सुटायची ती, नाही असं नाही. पण सुटताना एक बारीक ओढ असायची, ओल्या कागदाची असते तशी, आणि मग दिवसभर मध्ये गार वारा लागल्यासारखं व्हायचं. वर्गात लिहिताना डावा हात कागद धरायला ठेवला की काही ओळींनंतर ती परत शेजारी आलेली. साबण लावताना मधल्या जागेत फेसाचा पडदा धरायचा आणि फुटायचा नाही. ती हात उजेडाकडे धरून त्यातून बघायची, तर पलीकडचा दिवा, खिडकी, दादाचं डोकं, सगळं फुगून रंगीत होऊन हलायचं. एकदा तिने हळूच फुंकर मारली. पडदा आत ओढला गेला. बाहेर फुगायला हवा होता. तो तिच्याकडे, आत, ओढला गेला, कोणीतरी पलीकडून श्वास घ्यावा तसा. ती हात झटकून मागे सरकली ती दादाच्या पायावर. "आई गं! बदकाचं वजन केवढं!" दादा बोंबलला, आणि मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज एकदम खाली आला. "ए. घाबरलीस का ऑपरेशनला? मी येऊ का?" "आणि काय करशील?" "बाहेर बसून तुझा खाऊ खाईन." ती हसली. त्यालाच सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार? मला कापायची भीती नाही वाटत रे, कापून कोण जाईल त्याची वाटते? दादाने त्यावर एका शब्दानेही थट्टा केली नसती, आणि तेच तिला नको होतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारी, आई एका जाड कोटाची शिवण उसवत होती. ती समोर बसून धागे वेचत होती, लहानपणापासूनचं तिचं काम. यंत्र बंद होतं, रस्त्यावर उन्हात कोणी नव्हतं, उसवताना होतो तो बारीक टरटर आवाज तेवढा. "आई, तेव्हा मी खूप रडले असेन ना?" आईचा हात थांबला. "कापल्यावर? नाही. तू रडली नाहीस." आईने उसवलेला धागा ओढून काढला. "रडली असतीस तर बरं झालं असतं. पट्टी काढली आणि तू हात असा तोंडासमोर धरून बघत बसलीस. आधी या बोटाकडे, मग त्या बोटाकडे. मग मध्ये. मध्ये बघितलंस की हसायचीस. तान्ही मुलं कोपऱ्याकडे बघून हसतात ना, तशी. आम्हाला वाटलं, चला, पोरीला आवडला हात. मग एक दिवस तू हसायची थांबलीस आणि शोधायला लागलीस." "काय?" "मला काय माहीत? तुला बोलता कुठे येत होतं? पांघरूण उचलून बघायचीस. उशीखाली बघायचीस. माझ्या बाहीत हात घालायचीस, पार कोपरापर्यंत, आणि चाचपायचीस. मग माझ्याकडे बघायचीस. असं बघायचीस, की..." आईने वाक्य सोडून दिलं. तिच्या ओठांत आज टाचण्या नव्हत्या, तरी ती ओठ घट्ट मिटून होती. "महिनाभर चाललं ते. तुझे बाबा म्हणायचे, मुलं करतात असं. पण मीच ना तुला नेऊन टेबलावर ठेवलं होतं. म्हणून म्हणते, या वेळी नीट, खोल, कायमचं करून घेऊ. एकदाचं संपू दे." आणि तिला कळलं की आई तिच्या बोटांना घाबरते. बोटांना नाही, मधल्याला. इतकी वर्षं रस्ता ओलांडताना आईने नेहमी तिचा उजवा हात धरला होता, तिला वाटायचं डावा दुखेल म्हणून.

दवाखान्यातली तपासणीची खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक टेबल, त्यावर टॉवेलची घडी. आई भिंतीशी बसली. मोठे डॉक्टर एकटेच होते, घोळका नव्हता, आणि घोळका नसला की ते कोणाच्याही घरातल्या काकांसारखे दिसायचे. "उद्या उघडायचं म्हणजे आज बघून ठेवू, कुठे किती कळतंय ते," ते म्हणाले आणि तिचा हात टॉवेलवर तळवा वर करून ठेवला. "डोळे मिट. मी या तारेने हलकेच टेकवीन, तू सांगायचं कुठे. अंदाज ठोकायचा नाही हं, तुम्ही पोरं परीक्षेत ठोकता तसा." तिने डोळे मिटले. पापण्यांच्या आत तांबूस उजेड. "तर्जनी," ती म्हणाली. "शाबास." "मधलं बोट, टोकाला." "बरोबर." "करंगळी. परत मधलं, आता खाली. अनामिका, नखाजवळ." तार म्हणजे नुसती मुंगी होती, येत होती, टेकत होती, जात होती. मग मुंगी गेली, आणि दुसरं काहीतरी आलं. ते टोचत नव्हतं. ते उबदार होतं आणि ओलसर होतं आणि तिच्या दोन बोटांच्या मध्ये खालून वर सरकत होतं, अगदी सावकाश, जागा असलेल्या माणसाच्या शेजारी कोणी अंथरुणात शिरावं तसं. "मध्ये," ती म्हणाली. डॉक्टर काही बोलले नाहीत. "मध्येच आहे अजून. आता वर. आणखी वर." भिंतीशी आईची खुर्ची करकरली. "आता दोन्ही बोटांना एकदम." आणि मग, तिला थांबवता आलं नाही, तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला, "आता धरलंय."

तिने डोळे उघडले. डॉक्टर टेबलापासून लांब, खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. तार टॉवेलच्या घडीवर पडली होती. तिच्या तळव्यावर काहीच नव्हतं; दोन बोटं जोडीने, सरळ. "मी मधलं अजून तपासलंच नाही," डॉक्टर म्हणाले. आई उठून उभी राहिली होती, एक हात भिंतीला टेकून. मग डॉक्टर हसले, सवयीचं, घोळक्यासाठीचं हसू. "होतं असं. एकदा कापलेल्या नसा असतात, चुकीचे निरोप पाठवतात. घाबरायचं काही नाही. उद्यानंतर जाईल ते." ते. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांना त्या शब्दात काही दिसलं नव्हतं. उद्या हे लोक तिला झोपवतील, नागमोडी रेघेवरून चालत जातील, आणि ती उठेल तेव्हा बोलता येत असेल, मोठी असेल, आणि तरी पांघरूण उचलून बघत बसेल. आईच्या बाहीत हात घालेल. या वेळी आई काय करेल? "नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापायचं नाही."

"हे बघ, बाळ—"

"माझं हो लागतं ना? नाहीये माझं हो."

"वेडी आहेस का?" आईचा आवाज फुटला. "तारीख घेतलीय. सगळं ठरलंय. आणि असंच वर चढत राहिलं तर? टोकापर्यंत गेलं तर? लोक काय, मी काय म्हणते, तुला स्वतःला..."

"गेलं तर गेलं. चढू दे." तिचा आवाज नाटकातला होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, तिला स्वतःलाच तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "आई, गेल्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. मलाही नाही आणि..." ती थांबली. ते वाक्य पुरं करायला तिच्याकडे नाव नव्हतं. आईला मात्र ते पुरं ऐकू गेलं होतं. आई बघत होती तिच्याकडे, आणि ते बघणं पाहून तिला वाटलं, मी तेव्हा आईकडे बघत असेन ते असंच. डॉक्टरांनी चष्मा चढवला, घसा साफ केला. या दोन बोटांनी कोणी मरत नाही, हात तिचा आहे, सहा महिन्यांनी या, तोवर मन बदललं तर आधी या, असं काहीतरी ते बोलले, आणि तिच्या खांद्यावर थोपटायला हात पुढे केला, आणि कोण जाणे का, न थोपटताच तो मागे घेतला.

रस्त्यावर रखरखीत दुपार होती. आई पुढे चालत होती, ती मागे. आई रागावली की तिच्या चपलांचा आवाज बदलायचा. आज तो बदलला नव्हता, आज आवाजच नव्हता. तिला वाटलं होतं की बाहेर पडल्यावर आपल्याला खूप मोकळं वाटेल, धावावंसं वाटेल, मैत्रिणीला कधी एकदा सांगते असं होईल. थोडं तसं झालंही. पण त्या मोकळेपणात आणखी कोणीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं, आणि दोघांचा श्वास एका लयीत चालला होता. बसथांब्यावर आई सावलीत गेली आणि पाठ फिरवून पिशवीत काहीतरी शोधायला लागली. नुसतंच शोधत होती, काढत काहीच नव्हती. "आई," ती म्हणाली. आईने मान वर केली नाही. "आई, मी तुझ्यावर नाही रागावले." आईने नाक ओढलं. "मला माहीतेय गं," ती पिशवीतच बोलली. "तू नाहीच रागावलीस." उन्हाने दोघींच्या मध्ये फरशीवर एक सरळ रेघ काढली होती. ती ती रेघ ओलांडून आईच्या जवळ जाऊन उभी राहिली, आणि पिशवीचा एक बंद उजव्या हातात धरला, लहानपणी धरायची तसा. आईने तो सोडवून घेतला नाही. दोघी तशाच, एकमेकींकडे न बघता, पिशवी मध्ये धरून उभ्या राहिल्या.

बस वळणावरून भरधाव आली; थांबायचा तिचा विचार दिसत नव्हता. दोघींचंही लक्ष नव्हतं. मग एकदम ब्रेक करकचले, धूळ उडाली, आणि दार अगदी समोर येऊन उघडलं. "बरं झालं हात केलास," आई डोळे पुसत म्हणाली, "गेली असती नाहीतर."

तिने हात केला नव्हता. उजव्या हातात पिशवीचा बंद होता. तिने डावीकडे बघितलं. डावा हात खांद्याच्याही वर, उन्हात, सरळ उभा होता. दोन बोटं एकमेकांना घट्ट मिळालेली, बाकीची तीन बाजूला झालेली, जागा दिल्यासारखी. ड्रायव्हर त्या हाताकडे बघत होता. आई पायरी चढली. तिच्यामागून ती चढली. हात, त्याला वाटलं तेव्हा, खाली आला.